प्रोसेसरचा कूलर बसवणे आणि संगणकाचे तापमान सांभाळणे: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत घरच्या घरी संगणक जुळवणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. पहिल्यांदाच कूलर बसवणाऱ्यांनी सुरुवातीपासून वाचावे. ज्यांचा संगणक चालू आहे आणि ज्यांना फक्त पावसाळ्याची काळजी आहे, त्यांनी प्रश्न ११ पासून वाचले तरी चालेल. एकच गोष्ट दोन ठिकाणी सांगावी लागू नये म्हणून उत्तरांमध्ये इतर प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. प्रोसेसरच्या खोक्यात जो कूलर मिळतो तो पुरेसा असतो का, की वेगळा घ्यावाच लागतो?

कंपनीने ज्या प्रोसेसरसोबत कूलर दिला आहे, त्याच्या नेमून दिलेल्या वेगासाठी तो पुरेसा असतो. एएमडीच्या रायझन ५ ५६०० सोबत येणारा रेथ स्टेल्थ किंवा कोअर आय५ १२४०० सोबत येणारा इंटेलचा गोल कूलर यांवर अभ्यास, टॅलीचे हिशेब, फोटोंचे काम आणि थोडाफार गेम हे सगळे विनातक्रार चालते. फक्त जोराचे काम सुरू झाले की पंख्याचा आवाज खोलीभर ऐकू येतो. तो आवाज खपत असेल तर पैसे वाचवावेत. रायझनचे ७६००एक्स यासारखे प्रोसेसर आणि इंटेलचे नावात ‘के’ अक्षर असलेले प्रोसेसर मात्र कूलरविना येतात, त्यांच्यासाठी खरेदी अटळ आहे. मध्यम दर्जाच्या प्रोसेसरला चार हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या) आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला उभा टॉवर कूलर भरपूर होतो. त्याहून मोठा कूलर दुकानदार सुचवत असेल, तर आधी प्रोसेसर प्रत्यक्षात किती वॅट खातो ते विचारावे (प्रश्न १८ पाहा).

२. आमच्याकडे एवढा उकाडा असतो की माणूस घामाने निथळतो. मग संगणकही इतर ठिकाणांपेक्षा जास्त तापत असेल ना?

नाही, आणि या एका गैरसमजापायी बरेच पैसे चुकीच्या ठिकाणी खर्च होतात. आपल्याला जो उकाडा जाणवतो, तो हवेतील आर्द्रतेमुळे घाम सुकत नाही म्हणून जाणवतो. प्रोसेसरला घाम येत नाही. त्याच्या कूलरला फक्त हवेचे खरे तापमान कळते. मे महिन्यात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दुपारी पारा साधारण ३३-३४ अंशांच्या आसपास असतो, त्याच वेळी नागपूर-चंद्रपुरात तो ४५ च्या पुढे गेलेला असतो. पंख्याचा वेग आणि काम सारखेच असेल तर खोलीचे तापमान जेवढ्या अंशांनी वाढते, जवळपास तेवढ्याच अंशांनी प्रोसेसरचे तापमान वाढते. म्हणजे निव्वळ उष्णतेच्या हिशेबात आपण विदर्भापेक्षा कितीतरी सुखात आहोत.

आपली खरी अडचण दुसरी आहे. खारी आणि दमट हवा धातूला खाते, आणि हे काम ती संगणक चालू असताना जितके करते त्यापेक्षा तो बंद पडून असताना जास्त करते. त्यामुळे कोकणात कूलर निवडताना तो दोन अंश अधिक थंड ठेवतो की नाही यापेक्षा त्याच्या तांब्यावर निकेलचा मुलामा आहे की नाही, हे आधी पाहावे. सविस्तर उत्तर प्रश्न ११ आणि १२ मध्ये आहे.

३. किती तापमानापर्यंत काळजी करू नये?

काही काम चालू नसताना ३५ ते ५० अंश, गेम खेळताना ६० ते ८० अंश आणि सगळे कोअर पूर्ण ताणणारे काम करताना ८० ते ९० अंश, हे आपल्याकडील हवेत स्वाभाविक आहे. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश आहे. रायझन ७००० मालिकेतील ‘एक्स’ प्रोसेसर पूर्ण ताणाखाली ९५ अंशांपर्यंत जातील अशाच रीतीने बनवले आहेत, आणि रायझन ७ ७८००एक्स३डी याची मर्यादा ८९ अंश आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. त्यानेही भागले नाही तर संगणक बंद होतो. एखाद्या दिवशी ९० दिसले म्हणून प्रोसेसर जळत नाही.

नुसता आकडा पाहण्यापेक्षा खोलीचे तापमान त्यातून वजा करून फरक लिहून ठेवावा. जानेवारीत फरक ४५ अंशांचा होता आणि मे महिन्यातही तेवढाच आहे, तर कूलर ठणठणीत आहे. तोच फरक ६० झाला असेल तर धूळ, पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायचा लेप) किंवा पंखा यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

४. जुन्या संगणकाचा कूलर नव्या मदरबोर्डवर बसेल का?

इंटेलच्या एलजीए११५६ पासून एलजीए१२०० पर्यंतच्या सॉकेटांमध्ये (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवण्याची जागा) कूलरची चार भोके ७५ मिलिमीटर अंतरावर होती. २०२१ मध्ये आलेल्या एलजीए१७०० मध्ये हे अंतर ७८ मिलिमीटर झाले आणि प्रोसेसरची उंचीही किंचित कमी झाली, त्यामुळे जुना कूलर नव्या क्लिपशिवाय त्यावर बसत नाही. ओढून-ताणून बसवलेला कूलर एका बाजूने उचललेला राहतो. एलजीए१७०० चे कूलर पुढच्या एलजीए१८५१ वर मात्र बसतात.

एएमडीच्या बाजूला एएम४ सॉकेटचे बहुसंख्य कूलर नव्या एएम५ वर चालतात, पण एक अपवाद आहे: एएम५ मध्ये मदरबोर्डमागची धातूची पट्टी सॉकेटलाच जोडलेली असून ती काढता येत नाही, म्हणून जे कूलर स्वतःची वेगळी पट्टी मागतात ते बसत नाहीत. दोन्ही बाबतींत कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का आणि त्याचा पंखा रॅमच्या पट्ट्यांवर येतो का, हे खरेदीपूर्वी मापे घेऊन पाहावे. टॉवर कूलर १५५ ते १६० मिलिमीटर उंच असणे नेहमीचे आहे, आणि गावातील दुकानात मिळणाऱ्या अरुंद कॅबिनेटांत तो हमखास बाजूच्या झाकणाला टेकतो.

५. पेस्ट किती लावायची? बोटाने पसरवायची का?

पेस्टचे काम दोन धातूंमधील अतिसूक्ष्म फटी भरण्याचे आहे. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन आहे, तांब्याची सुमारे ४००, आणि बाजारातील नेहमीच्या पेस्टची, कंपन्यांचे दावे बाजूला ठेवले तरी, एकेरी आकड्यांत. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगली आणि तांब्यापेक्षा कितीतरी वाईट आहे. म्हणून फटी भरतील एवढीच ती हवी. थर जाड झाला की तोच उष्णतेला अडवू लागतो.

चौकोनी रायझनवर मधोमध ४-५ मिलिमीटरचा एक ठिपका पुरतो. एलजीए१७०० चा प्रोसेसर लांबट असल्याने त्यावर मधून एक बारीक रेघ ओढावी किंवा मध्ये एक आणि चार कोपऱ्यांत चार छोटे ठिपके द्यावेत. बोट लावू नये, कारण बोटाचे तेल आणि घाम पेस्टमध्ये मिसळतात. कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते. एएम५ च्या प्रोसेसरला कडेने खाचा असतात आणि त्यांत पेस्ट उतरेल म्हणून अनेकजण धास्तावतात. साधी पेस्ट वीजवाहक नसल्याने त्याने फक्त घाण होते, बिघाड होत नाही. ‘लिक्विड मेटल’ नावाने विकला जाणारा प्रकार मात्र वीजवाहक असतो, आणि त्यातील गॅलियम ॲल्युमिनियम पोखरते. पहिल्यांदा बसवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

खोक्यातील कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते. तिच्यावर आणखी घालू नये. वेगळा घेतलेल्या कूलरच्या तळाला बहुधा पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो काढायला विसरू नये. ‘नवा कूलर बसवल्याबरोबर तापमान शंभरावर’ या तक्रारीचे पुष्कळदा तेवढेच कारण निघते.

६. इंटेलच्या कूलरच्या चार पिना दाबल्या, तरी एक सारखी वर येते. काय चुकते आहे?

प्रत्येक पिनेच्या काळ्या टोपीवर बाणाची खूण असते. बाणाच्या दिशेने फिरवलेली टोपी ही सुटण्याची अवस्था आहे. बसवण्यापूर्वी चारही टोप्या उलट दिशेने फिरवून मूळ जागी आणाव्यात आणि काळी पिन पूर्ण वर ओढलेली आहे याची खात्री करावी. नंतर समोरासमोरच्या कर्णावरील दोन पिना एकाच वेळी दोन अंगठ्यांनी ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबाव्यात आणि मग उरलेल्या दोन. एका बाजूच्या दोन आधी दाबल्या की पलीकडची बाजू उचलली जाते.

खात्री करण्याचा मार्ग मदरबोर्डच्या मागे आहे. बोर्ड उलटा धरून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर नीट बसलेल्या पिनेचे पांढरे दोन पाय भोकाबाहेर फाकलेले आणि त्यांच्या मधोमध काळे टोक घुसलेले दिसते. जेथे पांढरे पाय मिटलेले असतील ती पिन बसलेली नाही, मग वरून ती कितीही घट्ट वाटो. याच कारणासाठी हा कूलर बोर्ड कॅबिनेटमध्ये चढवण्याआधी, टेबलावर असतानाच बसवावा. पांढरा पाय मोडला असेल तर फेविक्विकचा प्रयोग करू नये. या पिनांचा सुटा संच स्वस्तात मिळतो.

७. एएमडीच्या बोर्डवरचे प्लॅस्टिकचे कंस काढले आणि मागची पट्टी निखळून पडली. बोर्ड बिघडला का?

बिघडला नाही. एएम४ मध्ये मागची पट्टी त्याच चार स्क्रूंच्या आधाराने टिकलेली असते, म्हणून स्क्रू निघाले की ती पडते. एका हाताने ती मागून धरून स्क्रू पुन्हा लावावेत. रेथ स्टेल्थसाठी हे कंस काढावेच लागतात, कारण त्याचे स्प्रिंगचे स्क्रू थेट पट्टीत जातात. चारही स्क्रू प्रथम दोन-दोन आट्यांवर पकडवून घ्यावेत आणि मग कर्णाच्या क्रमाने थोडे थोडे, आपोआप थांबेपर्यंत पिळावेत. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे वळले तर कूलर तिरका बसतो आणि पेस्ट एका बाजूला ढकलली जाते.

८. पंखा कोणत्या दिशेने लावायचा आणि त्याची वायर कुठे जोडायची?

पंख्याची मोकळी बाजू हवा आत ओढते आणि ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. टॉवर कूलरच्या पंख्याने कॅबिनेटच्या पुढच्या बाजूची हवा कूलरच्या पातळ पत्र्यांमधून मागच्या पंख्याकडे ढकलली पाहिजे. वायर ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या चार पिनांच्या जोडावर लावावी. ती दुसऱ्या जोडावर लावली तर पंखा फिरत असूनही बोर्ड ‘सीपीयू फॅन एरर’ दाखवून अडून बसतो. तीन पिनांचा पंखाही तेथे बसतो, पण मग बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्या जोडाची वेग बदलण्याची पद्धत ‘पीडब्ल्यूएम’ ऐवजी ‘डीसी’ करावी लागते, अन्यथा तो सदैव पूर्ण वेगाने फिरतो.

९. बायोसमध्ये ५५ अंश दिसतात आणि विंडोजमध्ये ३८. खरे कोणते?

दोन्ही खरे आहेत. बायोसमध्ये वीज वाचवण्याची व्यवस्था पूर्णपणे चालू नसते, त्यामुळे प्रोसेसर रिकामा असूनही जागाच असतो. निदान नेहमी विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रामने आणि लिनक्सवर ‘सेन्सर्स’ या आज्ञेने करावे. रायझनवर ब्राउझर उघडताच तापमान क्षणात १०-१५ अंशांनी उसळून खाली येते. तेही स्वाभाविक आहे. त्या उसळीबरोबर पंखा घूं-घूं करत असेल, तर बायोसमध्ये पंख्याचा वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असते, ती वापरावी.

१०. कॅबिनेटला किती पंखे हवेत? टेबलाच्या खणात कॅबिनेट ठेवले तर चालेल का?

पुढे एक किंवा दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढे बहुतेकांना पुरते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी, म्हणजे ती जाळीतूनच येते आणि फटीफटींतून धूळ ओढली जात नाही. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ, चुलीचा धूर, उदबत्ती आणि मच्छर अगरबत्ती यांची तेलकट काजळी असे मिश्रण पत्र्यांवर बसते आणि ते नुसत्या फुंकरीने निघत नाही. देवघर आणि संगणक एकाच खोलीत असतील तर कॅबिनेट देव्हाऱ्यापासून शक्य तितके लांब ठेवावे.

टेबलाच्या बंद खणात तीच गरम हवा फिरत राहते. खणाची मागची फळी काढून टाकावी. हा उपाय फुकटचा आहे, आणि बऱ्याचदा नव्या कूलरपेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

११. पावसाळ्यात संगणक बंद करून गुंडाळून ठेवावा की चालू ठेवावा?

चालू ठेवावा. हे उत्तर अनेकांना उलटे वाटते, म्हणून त्यामागचा हिशेब देतो. जुलैमध्ये खोलीत २८ अंश तापमान आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता आहे असे धरू. हीच हवा कॅबिनेटमध्ये तापून ३८ अंशांवर गेली की तिच्यातील पाणी तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या किंचित खाली येते. हवा चार-पाच अंशांनीच तापली तरी आर्द्रता ७० च्या खाली उतरते. चालू संगणकाचे पोट असे कोरडे राहते.

यातील महत्त्वाचा टप्पा सुमारे ७५ टक्क्यांचा आहे. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते, कारण आर्द्रता या टप्प्यावर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळते. किनाऱ्यावरील घरात संगणकाच्या प्रत्येक भागावर मिठाचा अदृश्य थर असतोच. बंद संगणकात तो थर पाझरतो आणि वीजवाहक होतो. मग स्लॉटच्या पिना हिरवट होतात, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते, आणि गौरीगणपतीच्या सुटीत घर उघडणाऱ्याला सुरूच न होणारा संगणक मिळतो.

म्हणून जून ते सप्टेंबर या काळात संगणक रोज तासभर तरी चालवावा. घर बंद राहणार असेल तर कॅबिनेट स्वच्छ करून, पूर्ण कोरड्या दिवशी, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरपूर सिलिका जेलसह हवाबंद करावे. नुसते कापड किंवा सैल प्लॅस्टिकचे कव्हर घालणे वाईटच, कारण ते ओलावा आत येऊ देते आणि बाहेर जाऊ देत नाही. कव्हर घातलेले असताना संगणक चालवणे तर कधीही करू नये.

१२. आमचे घर हर्णैला समुद्रालगत आहे. कूलरच्या पत्र्यांवर पांढरी भुकटी दिसते. कूलर बदलू का?

पांढरी भुकटी हा ॲल्युमिनियमचा गंज आहे. ती बहुतेक वेळा तांब्याची नळी ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून जाते तेथे, नळीभोवती कड्यासारखी, आधी दिसते. दोन भिन्न धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांतील ॲल्युमिनियम झिजते. कूलर उतरवून मऊ कोरड्या ब्रशने भुकटी झाडावी आणि पत्रा नळीवर घट्ट आहे का ते बोटाने हलवून पाहावे. पत्रे घट्ट असतील आणि प्रश्न ३ मध्ये सांगितलेला फरक वाढलेला नसेल तर कूलर बदलण्याचे कारण नाही. पत्रे नळीवर सरकू लागले असतील तर तो गेला असे समजावे. नवा घेताना तळ, नळ्या आणि शक्य झाल्यास पत्रेही निकेलचा मुलामा असलेले घ्यावेत. तळाशी उघड्या तांब्याच्या नळ्या दिसणारे स्वस्त कूलर वरच्या आळीत चालतील, किनाऱ्यावर नकोत.

जागाही बदलून पाहावी. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे पश्चिमेच्या खिडकीतून मीठ आणतात आणि रात्रीचे मतलई वारे जमिनीकडून येतात, म्हणून संगणक पश्चिमेच्या खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत असावा. हवेतील मिठाचे प्रमाण किनाऱ्यापासून काही शे मीटरांतच बरेच घटते, त्यामुळे हर्णै-गुहागरच्या किनाऱ्यावरचे नियम चिपळूण किंवा कणकवलीला जसेच्या तसे लावण्याची गरज नाही.

गंजावर मारायचा तेलकट फवारा मदरबोर्डवर किंवा पंख्यावर मारू नये. त्यावर धूळ चिकटून चिखल होतो. आणि बहुतेक कंपन्या गंज व ओलावा यांचे नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, हे खरेदीच्या वेळीच लक्षात असू द्यावे.

१३. एसीच्या खोलीतला संगणक बाहेरच्या खोलीत आणला तर आत पाणी साचते का?

साचू शकते. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू साधारण २५ अंश असतो, म्हणजे २५ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर त्या हवेतील पाणी जमते. २२ अंशांच्या खोलीतून आणलेला कूलर हा असाच थंड पृष्ठभाग असतो. एसी बसमधून किंवा रेल्वेच्या एसी डब्यातून आणलेल्या सुट्या भागांचेही तेच. खोके न उघडता ते तीन-चार तास खोलीत ठेवावे आणि मगच उघडावे. चालू संगणकात मात्र दव साचत नाही, कारण त्यातील प्रत्येक भाग खोलीपेक्षा गरम असतो.

१४. वीज एकदम जाते तेव्हा पंखा थांबतो. त्या क्षणी प्रोसेसर जळत नाही का? आणि व्होल्टेज कमी असताना पंखा मंद होतो का?

पंख्याबरोबर प्रोसेसरही त्याच क्षणी थांबतो आणि उष्णता निर्माण होणेच बंद होते. साठलेली उष्णता कूलरच्या धातूत सहज मावते. धोका डेटाला आणि डिस्कला असतो, त्यासाठी यूपीएस हवाच. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवत असाल तर त्याचे बटण ‘यूपीएस’ या स्थितीत ठेवावे.

व्होल्टेज उतरले की छताचा पंखा मंदावतो, पण प्रोसेसरचा पंखा एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या खोक्यातून) येणाऱ्या १२ व्होल्टवर चालतो. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही आले तरी ते १२ व्होल्ट कायम राखतो. २००-२४० असेच छापलेला स्वस्त एसएमपीएस संध्याकाळच्या पडलेल्या व्होल्टेजला संगणक बंद करतो, आणि दोष उगाच तापमानाला दिला जातो. छताचा पंखा मंदावल्याने खोलीच गरम झाली, तर तो भाग वेगळा.

१५. मुंग्या आणि पाली आत जातात. डांबराच्या गोळ्या ठेवू का?

ठेवू नयेत. त्यांची वाफ बंद जागेत साठते आणि काही प्रकारच्या प्लॅस्टिकवर परिणाम करते. कीटकनाशकाचा फवाराही कॅबिनेटमध्ये मारू नये. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या लावून घ्याव्यात, उघड्या भागांवर बारीक नायलॉनची जाळी लावावी आणि मुंग्यांची रांग जेथून येते तेथे, कॅबिनेटबाहेर, बंदोबस्त करावा. पाल पंख्यात सापडून पंखा अडकला असेल तर वीज पूर्ण काढल्यावरच हात घालावा.

१६. पेस्ट किती दिवसांनी बदलायची? आणि कूलर ओढल्यावर प्रोसेसरच सॉकेटमधून निघून आला, आता?

तापमानातील फरक वाढत नसेल तर पेस्टला हात लावण्याचे कारण नाही. साधारण तीन-चार वर्षे ती टिकते. कूलर एकदा उचलला तर मात्र जुनी पूर्ण पुसून नवी लावलीच पाहिजे. पुसण्यासाठी ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. तालुक्याच्या गावी ते मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत ‘आयपीए’ या नावाने मिळते. हँड सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते, ते चालत नाही.

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटची पकड हलकी असते, त्यामुळे वाळलेल्या पेस्टने चिकटलेला प्रोसेसर कूलरबरोबर बाहेर येतो. तो टाळण्यासाठी काढण्यापूर्वी संगणक दहा-पंधरा मिनिटे जोरात चालवून पेस्ट मऊ करावी, बंद करून वायर काढावी, आणि कूलर सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे थोडा फिरवून मग उचलावा. प्रोसेसर निघालाच असेल तर कूलर उलटा धरून, पिनांना न शिवता, प्रोसेसर कडेने फिरवून सोडवावा. वाकलेली पिन पातळ पट्टीने हळूहळू सरळ होते. एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटांत प्रोसेसर धातूच्या चौकटीत अडकलेला असल्याने हा प्रसंग येत नाही.

१७. लिक्विड कूलर घ्यावा का? त्यावर दव साचून पाणी गळेल का?

दव साचत नाही, कारण असा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. तरीही माझा कल किनाऱ्यावर हवेच्या कूलरकडेच आहे. लिक्विड कूलरचा रेडिएटर बारीक ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा असतो आणि प्रश्न १२ मधील गंज त्यालाही लागतो. शिवाय पंप हा आणखी एक बिघडणारा भाग असतो आणि दुरुस्तीला पाठवायचे म्हटले की मुंबई-पुणे गाठावे लागते. प्रोसेसर खरोखरच २०० वॅटच्या वर जाणारा असेल तर घ्यावा. बसवताना पंप हा संपूर्ण मार्गातील सर्वांत उंच भाग होणार नाही, याची काळजी घ्यावी, नाहीतर आतली हवा पंपात अडकून तो खडखडतो. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावणे सर्वांत निर्धोक.

१८. सगळे नीट बसवले, पेस्टही नवी आहे, तरी तापमान ९५. आता काय?

आता प्रोसेसर किती वॅट खातो ते पाहावे. खोक्यावरचा आकडा ही कमाल मर्यादा नसते. ६५ वॅटचा एएम४ रायझन ८८ वॅटपर्यंत आणि १०५ वॅटचा १४२ वॅटपर्यंत जातो; ६५ वॅटच्या कोअर आय५ १२४०० ची टर्बो मर्यादा ११७ वॅट आहे, आणि कोअर आय९ १३९००के याची २५३. शिवाय अनेक मदरबोर्ड या मर्यादा आपणहून सैल करून ठेवतात. बायोसमध्ये जाऊन इंटेलवर ‘पीएल१’ आणि ‘पीएल२’ हे वॅटच्या मर्यादेचे आकडे कंपनीच्या मूळ मर्यादेवर आणावेत, रायझनवर कमी वॅटचा ‘ईको मोड’ लावावा. गेममधील वेगात फरक सहसा जाणवत नाही आणि तापमान मात्र ठळकपणे उतरते. महागडा कूलर घेण्याआधी हा बदल प्रत्येकाने करून पाहावा असे माझे स्पष्ट मत आहे.

१९. तापमान ठीक दिसते, तरी गेम मध्येच बंद पडतो. प्रोसेसर इंटेलचा तेराव्या पिढीचा आहे.

मग कूलरला हात लावू नये. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या दर्जाच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले आणि त्यावर मायक्रोकोडमधील (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीतील) सुधारणा दिल्या. मदरबोर्डच्या कंपनीने दिलेले ताजे बायोस आधी चढवावे. त्यानंतरही तेच होत असेल तर प्रोसेसरला इजा झालेली असू शकते. या प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे, तिचा उपयोग करावा.

२०. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेला संगणक गणपतीला गावी आणायचा आहे. टॉवर कूलर तसाच ठेवू का?

किलोभर वजनाचा टॉवर कूलर उभ्या मदरबोर्डवर आडवा लोंबत असतो, आणि मुंबई-गोवा महामार्गावरील खड्ड्यांचे सगळे हादरे त्याच्या चार स्क्रूंवर येतात. कॅबिनेट आडवे, म्हणजे मदरबोर्ड जमिनीला समांतर आणि कूलर वर तोंड करून राहील असे ठेवावे. ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळे आणावे. कॅबिनेट एसटीच्या टपावर किंवा डिकीत कुणाच्या तरी बॅगांखाली जाणार असेल, तर कूलरही उतरवून आणावा आणि पेस्टची एक नळी सोबत घ्यावी, कारण सणाच्या दिवसांत ती गावात मिळेलच असे नाही. घरी पोहोचल्यावर झाकण उघडून स्क्रू हलले आहेत का, पंख्याच्या पात्यात वायर आली आहे का आणि कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसले आहे का, हे पाहून मगच बटण दाबावे. प्रवास एसी बसने झाला असेल तर त्याआधी प्रश्न १३ वाचावा.